लेकीच्या गावावरून जाणारी टूर

युरोपहून परत आल्यापासून इंदूरच्या आमच्या कॉलनीत मी तज्ज्ञ झाले आहे. भाजी घ्यायला खाली उतरले की कुणीतरी गाठतंच. "काकीजी, ग्रुपसोबत जाणं ठीक राहील की आपलं आपण?" मीही मग कोथिंबिरीच्या जुड्या निवडता निवडता सांगते की ग्रुपमध्ये सामानाची चिंता नसते, दोन्ही वेळेला वरण-भात मिळतो, रस्ता चुकायची भीती नाही. आपलं आपण गेलं तर मनाला येईल तिथे थांबता येतं. ऐकणाऱ्यांचं समाधान होतं. माझं होत नाही.

आमच्या घरी हा प्रश्न निघाला तेव्हा मला युरोप बघायचाच नव्हता. आमची एकुलती एक मुलगी लग्न होऊन जर्मनीत, कोलोनला राहते. मला तिच्या घरी जायचं होतं. तिच्या ओट्यापाशी उभं राहून चहा करायचा होता, तिचा पसारा बघून तिला बोलायचं होतं, तिच्या खिडकीत बसायचं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तिचं घर मी फोनच्या काचेतून जेवढं दिसतं तेवढंच बघितलेलं. तिचीही एकच मागणी होती, की आई-बाबांनी एकदा घरी येऊन राहावं.

तिने व्हिडिओ कॉलवर सगळा बेत समजावून सांगितला होता. "आई, तुम्ही फक्त फ्लाइटमध्ये बसा. एअरपोर्टवर मी उभी आहेच. पंधरा दिवस माझ्याकडे आराम करा, मग आपण तिघं ट्रेनने फिरू. जिथे मन लागेल तिथे थांबू. बाबांना चालायचं नसेल तर नाही चालायचं, मतलब काही टेंशनच नाही."

हे तिथेच बसले होते. 'हे' म्हणजे माझे यजमान. वीज खात्यातून रिटायर झालेले, अतिशय शिस्तीचे, घरातला प्रत्येक दिवा स्वतः बंद करून झोपणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "छान आहे. विचार करू."

यांनी विचार करू म्हटलं की विचार झालेला असतो, हे मला इतक्या वर्षांनी कळतं. दुसऱ्या दिवसापासून कारणं सुरू झाली. आपल्याला तिथली भाषा येत नाही. गुडघे दुखतात. ती दिवसभर ऑफिसात जाणार, आपण घरात बसून काय करणार? तिला उगाच सुट्ट्या घ्यायला लागतील. ग्रुप टूरमध्ये सगळं सिस्टिमॅटिक असतं. मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, "खरं कारण बोला." ते पेपर घेऊन गॅलरीत गेले.

खरं कारण मला ठाऊक होतं. यांच्या घराण्यात लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घेत नाहीत. माझ्या माहेरीही ही पद्धत होती, पण आजीबरोबर संपली. यांच्याकडे ती टिकली. माझी नणंद जवळच सांवेरला दिलेली. सासरे महिन्या-दोन महिन्यांनी मल्हारगंजातल्या घरून दशम्या बांधून घ्यायचे, लहानग्या यांना बोटाशी धरायचे आणि बसने लेकीला बघायला जायचे. तिच्या घराबाहेर ओट्यावर बसायचे. तिने पाण्याचा तांब्या आणला की म्हणायचे, तहान नाही गं. मग स्टँडवरच्या झाडाखाली बसून आपल्या दशम्या खायच्या आणि संध्याकाळच्या बसने परत.

तुम्ही म्हणाल, असल्या गोष्टीचा राग यायला हवा. मला यायचाच. पण यांना त्या बापलेकांच्या फेऱ्यांबद्दल राग कधीच नव्हता, कारण त्यांच्या डोक्यात त्या गोष्टीचा शेवट पक्का बसलेला होता. नणंदेला मुलगा झाला त्या दिवशी सासरे पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत गेले. लेकीच्या हातचं पोटभर जेवले, पानावर बसूनच रडले, आणि आठ दिवस तिथेच राहिले. हे सांगताना आजही यांचा आवाज बदलतो. असा दिवस आपल्याही वाट्याला यावा, एवढीच त्या माणसाची हौस. तो दिवस त्यांना आधीच जाऊन खर्च करायचा नव्हता. "बाळ झालं की सहा महिने राहू," असं ते लेकीला फोनवर सांगायचे, अगदी प्रेमाने, आणि पलीकडे ती हो बाबा, हो बाबा म्हणायची.

तिचं एक बाळ गेलं होतं. लग्नानंतर काही वर्षांनी, दिवस भरायच्या बरंच आधी. मी इथे फोन कानाला लावून बसले होते आणि ती तिथे रडत होती. यांना कळलं ते नंतर आणि अर्धवट. त्यानंतर हे मला अधूनमधून विचारायचे, "काही बातमी?" मी म्हणायचे, होईल. मलाही तसंच वाटत होतं.

एका रविवारी हे मला टूर कंपनीच्या कार्यक्रमाला घेऊन गेले. हॉटेलचा हॉल, पडद्यावर बर्फ, हातात कचोरीची प्लेट. माइकवरचा माणूस सांगत होता की वेलकमपासून टाटा-बायपर्यंत सगळं आमचं. लोकांनी शंभर प्रश्न विचारले. टॉयलेटचे, मसाल्याच्या चहाचे, जैन जेवणाचे. यांनी एकच विचारला.

"इसमें कोलोन है क्या?"

"है ना अंकलजी! कैथेड्रल, फ्री टाइम, इंडियन लंच, और फिर एम्स्टर्डम."

हे माझ्याकडे वळून इतके खूश होऊन हसले, की मला ओरडताच येईना. सासऱ्यांनी दशम्या बांधून नेल्या होत्या, यांना टूर कंपनी बांधून देत होती. झोपायचं हॉटेलात, जेवायचं ग्रुपमध्ये, आणि लेक दिसणार. यांच्या दृष्टीने यापेक्षा चांगली सोय नव्हती.

मुलीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, मतलब माझ्या शहरातून बस निघून जाणार आणि तुम्ही बसमध्ये? मजाक आहे का हा?"

"अगं, तू भेटायला ये ना चौकात. तेवढाच आम्हाला पण बदल. पुढच्या वेळी येऊच की राहायला."

मी त्या दिवशी खूप भांडले. एकटी जाते म्हणाले. तिकिटं काढते म्हणाले. पण भांडून झाल्यावर यांच्या गोळ्यांचे डबे भरायला मीच बसले. यांना एकट्याला युरोपात सोडायचं मनात येईना, आणि यांना इथे ठेवून जायचं तर घरात कोण बघणार? बायका का गप्प बसतात, असं तरुण मुली विचारतात. गप्प कुठे बसतो? भांडतो आणि बॅग भरतो.

टूरबद्दल काय सांगू? वाईट नव्हती. लीडर एक पोट सुटलेला, हसतमुख गृहस्थ होता. सकाळी बसमध्ये शिरला की एकेकाच्या डोक्यावर बोट नाचवत आमची मोजणी करायचा. मला ते मुळीच आवडायचं नाही. यांना फार आवडायचं. हे वेळेच्या आधी खाली उतरून उभे, पट्टा कसलेला, टोपी घातलेली. लीडरने सगळ्यांसमोर दोनदा सांगितलं, "अंकलजी जैसे बनो." आमच्या मागच्या सीटवर देपालपूरचे एक धान्याचे व्यापारी आणि त्यांची बायको होती. त्यांची सेव संपतच नव्हती. डोंगर आला की सेव, धबधबा आला की सेव. स्वित्झर्लंड मला त्या वासासकट आठवतं. सगळे खिडकीतून वा वा करत होते आणि मी रोज मनात म्हणत होते, आता इतके दिवस राहिले, आता इतके.

कोलोनला आम्ही उतरलो तेव्हा बारीक पाऊस होता. ते मोठं चर्च वर मान करून बघावं तर पाणी डोळ्यांत जात होतं. आणि त्याच्या पायऱ्यांपाशी माझी लेक उभी होती. किती बारीक झाली होती! फोनमध्ये हे कळत नाही. तिने वाकून नमस्कार केला, मग मला मिठी मारली आणि सोडलंच नाही. हे बाजूला उभे राहून तिच्या पाठीवर हात फिरवत होते आणि म्हणत होते, "बरं, बरं. अगं लोक बघतात."

मग ती म्हणाली, "बाबा, चला. ट्राममध्ये बसलं की घर जवळच आहे."

"अगं, लंच आहे ग्रुपचं. आमचा लीडर वेळेचा पक्का आहे, कुणासाठी थांबत नाही."

"मी बोललेय त्यांच्याशी."

खरंच बोलली होती. लीडर छत्री सावरत आला. "जाइए अंकलजी, आराम से हो आइए. जेवणानंतर सबको शॉपिंग करनी ही है. मैं आधा घंटा और रोक लूँगा." इंदूरच्या ग्रुपबरोबर राहून त्याच्याही तोंडी आमचं मराठी बसलं होतं. देपालपूरचे शेठ मागून म्हणाले, "अरे भिया, जाओ ना! बेटी का घर है, पूछना क्या?"

यांच्याजवळ आता एकही कारण उरलं नव्हतं. गुडघ्यावर हात ठेवून ते इकडेतिकडे बघू लागले. आणि तेवढ्यात शेठांच्या बायकोने नवऱ्याला दटावलं, "आप चुप रहो. बेटी के घर का नहीं लेते होंगे भाईसाब. हमारे में भी नहीं लेते." बाई कौतुकाने बोलली होती. यांना कुणीतरी आपलं भेटल्यासारखं झालं. त्यांनी मान डोलावली.

माझ्या लेकीने ते ऐकलं. ती आणखी जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा, जेवू नका. पाणीही पिऊ नका. फक्त बघून जा ना."

हे कळवळले. खोटं कशाला सांगू, त्यांना दगड म्हणता येणार नाही. त्यांनी तिचा ओला हात दोन्ही हातांत घेतला. "तसं कोरडं कशाला यायचं गं बेटा? पुढच्या वेळी येईन ना. थाटात येईन. सहा महिने हलणार नाही बघ, तू कंटाळशील." आणि तिच्याकडे बघून असे हसले, की कुठल्या पुढच्या वेळेबद्दल बोलतायत ते शेठांच्या बायकोलासुद्धा कळलं असेल.

लेकही हसली. "ठीक आहे बाबा," म्हणाली.

मला संताप आला. इतका, की पर्समधला यांच्या गोळ्यांचा डबा काढून मी त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "जेवणानंतर पांढरी घ्या. मी चालले." लग्नानंतर परक्या गावात यांना असं सोडून मी कधी गेले नव्हते. लेकीचा हात धरून मी ट्राममध्ये चढले.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. लहानच, पण उजेडाचं. आत गेल्या गेल्या मी म्हटलं, पाणी दे आधी. तिने पेला दिला, मी उभ्या उभ्याच घटाघटा प्यायले, आणि आणखी मागितलं. ती बघत राहिली. जावई कामासाठी बाहेरगावी गेले होते. टेबलावर तीन ताटल्या झाकून ठेवलेल्या होत्या. पोह्यांवर तिने आपला इंदुरी मसाला, जिरावनसुद्धा भुरभुरलं होतं. मी एक ताटली संपवली आणि दुसरी पुढे ओढली. भूक नव्हती, पण ती भरलेली ताटली तिला मागे टाकायला लागू नये असं वाटत होतं.

मग तिने मला घर दाखवलं. एका खोलीत दोन पलंग जोडून ठेवलेले, वर नवी चादर. "तुमची खोली," ती म्हणाली. बाथरूमचं दार उघडलं. कमोडच्या बाजूला भिंतीत एक जाड स्टीलचा दांडा बसवलेला होता. "बाबांच्या गुडघ्यांसाठी. घरमालक ऐकतच नव्हता, म्हणे टाइल्स फुटतील. खूप मागे लागले तेव्हा हो म्हणाला."

"कधी बसवलास?"

"झालं की आता वर्ष. तेव्हा तुमचं यायचं चाललं होतं ना."

मला तिथे उभं राहवेना. मी त्या जोडलेल्या पलंगावर जाऊन बसले. ती समोर जमिनीवर बसली, लहानपणी वेणी घालून घ्यायला बसायची तशी, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, एक सांगू? मूल होणार नाहीये मला. डॉक्टरने साफ सांगितलंय. बरेच दिवस झाले."

 माझ्या तोंडातून पहिलं जे निघालं ते असं, की मला का नाही सांगितलंस.

"तुला सांगितलं असतं तर तू बाबांना सांगितलं असतंस. आणि बाबांना कळलं असतं की आता काही नाहीच, तर ते कधीच आले नसते. होईल होईल म्हणत होते ना, तोवर मला वाटायचं येतील. एखाद दिवस मन पाघळेल, येतील. म्हणून म्हटलं राहू दे, त्यांना वाट बघू दे."

"मग आता का सांगतेस?"

"आज लीडर थांबायला तयार होता, आई. तरी नाही आले." ती रडत नव्हती. मला वाटतं तिचं रडून झालेलं होतं. "आता तू सांग त्यांना. माझ्याच्याने नाही होणार. मतलब, त्यांना म्हणावं, वाट नका बघू."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवून बसले.  काहीतरी बोलावं, धीर द्यावा, असं वाटत होतं, पण माझ्याजवळ धीर नव्हता. लेकीचं मूल होणं ही तिची गोष्ट असते, तिच्या शरीराची, तिच्या दुःखाची. आम्ही त्या मुलाचं आमच्या येण्यासाठी तिकीट करून टाकलं होतं. ते तिच्याजवळ असलं तरच आम्ही येणार. माझ्या तोंडात पोह्यांची चव होती आणि मला लाज वाटत होती. यांची वाटत होती, आमच्या सगळ्यांची वाटत होती.

परत आलो तेव्हा बस नदीकाठी उभी होती आणि लोक पिशव्या घेऊन चढत होते. हे केव्हाच आपल्या जागेवर जाऊन बसलेले होते. लेकीने खालूनच नमस्कार केला, यांनी काचेवर हात टेकवला. मी चढले, शेजारी बसले. 

मग हे म्हणाले, "कसं आहे गं घर?"

आधी वाटलं होतं की इंदूरला गेल्यावर, निवांत बसवून सांगावं. पण लेक खिडकीखाली पावसात उभी होती, आणि मला ते तिच्यासमोरच सांगायचं होतं. मी सांगितलं. जे तिने सांगितलं तेच, तेवढ्याच शब्दांत. डॉक्टरने काय सांगितलं ते, ती इतके दिवस का गप्प राहिली ते, आणि आज का बोलली ते.

हे ऐकत होते. चेहरा खिडकीकडे. बाहेर ती हात हलवत होती, बस हलायची वाट बघत. काच बंद होती, तिला आमचं काही ऐकू येत नव्हतं, पण माझं तोंड हलताना तिला दिसत असेल. तिचा हात हळूहळू खाली आला.

यांनी माझ्याकडे मान वळवली. इतका घाबरलेला चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता.

"मग मी आता कधी जाणार?" ते म्हणाले.

"आत्ता," मी म्हटलं. "उठा. बॅगा जाऊ देत एम्स्टर्डमला. उठा तुम्ही."

यांनी समोरच्या सीटचा दांडा धरला. गुडघ्यांवर जोर दिला आणि उठले. खरंच उठले. मी पाय आत घेऊन त्यांना वाट करून दिली, माझी पर्स खांद्याला लावली. बाहेर लेकीने यांना उभं राहिलेलं बघितलं आणि ती दोन पावलं बसच्या दाराकडे धावत आली.

पुढे लीडर डोकी मोजत होता. मोजणी संपवून त्याने ड्रायव्हरला खूण केली, दार फस्स करून मिटलं, आणि बस हलली. यांचा तोल गेला.

"अंकलजी, बैठ जाइए," लीडर माइकवरून म्हणाला. "चलती गाड़ी में खड़े नहीं होते."

मी ओरडले, "रोको, रोको!" त्याने ऐकलं, ड्रायव्हरलाही काही म्हणाला. बस हळू झाली. लीडरने वळून विचारलं, "क्या हुआ आंटीजी? कुछ रह गया क्या? अंकलजी, उतरना है?"

सगळी बस यांच्याकडे बघत होती. हे दांडा धरून उभे होते. ओठ हलले. मला वाटलं आता हो म्हणतील.

"नहीं, नहीं," हे म्हणाले. "चलने दो. सबको देर हो रही है."

आणि बसले.